डावीकडचा खालचा कोपरा

देवघरातल्या नवनीतकृष्णाच्या चौकटीचे तीन कोपरे घट्ट बसलेत. चौथा, डावीकडचा खालचा, फाकलेला आहे. फटीत सागाचा भुसा आणि सरस भरलाय आणि समई नेमकी त्याच्याचपुढे. लहानपणी तो भुसा मी नखानं उकरायचो आणि आजीचा धपाटा खायचो.

चित्र इथलंच, तंजावरचं. फणसाच्या फळीवर कापड, त्यावर चुन्याचा लेप, वर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८–१८३२) ही कला बहरली, हे इथं येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं. चौकटीबद्दल कोणी बोलत नाही. ही आजोबांनी केलेली. दिवसभर कचेरीत कारकुनी, संध्याकाळी ओसरीवर कोनात कापण्यासाठी खाचा पाडलेली लाकडी पेटी आणि रंबम्. करवतीला आमच्या घरात तमिळच शब्द आहे. व्यंकोजीराजे तंजावरला आल्यापासून साडेतीनशे वर्षं मराठी टिकली, पण करवत तेवढी वाटेत कुठं गळली कोण जाणे.

निवृत्तीनंतर मलाही चौकटींचा नाद लागला आणि मायटर सॉ, म्हणजे कोनात कापणारं करवतयंत्र, घ्यायचं ठरवलं. तिरुचीच्या दुकानदारानं बारा इंची पात्याचं, पुढंमागं सरकणारं, दोन्हीकडं कलणारं यंत्र पुढं केलं. "सार, हेच घ्या, पुढं कामाला येईल." पण माझी पट्टी दोन इंच रुंद! तिला दहा इंचाचं न सरकणारं पातं पुरून उरतं. सरकणाऱ्या दांड्यांत थोडी ढिलाई असली तर ती थेट कापात उतरते. मी पिशवीतून सागाच्या दोन पट्ट्या आणि गुण्या काढला. पंचेचाळीसच्या खाचेवर कापून दाखवा म्हटलं. बाकीची गिऱ्हाइकं बघत राहिली.

हा हट्ट उगाच नव्हता. चौकटीला चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येक काप अर्ध्या अंशानं चुकला तर पहिल्या तीन कोपऱ्यांत ते दडपून बसवता येतं. सगळी चूक, चार अंशांची, शेवटच्या कोपऱ्यात येऊन साठते. दोन इंची पट्टीत ती फट जवळपास पाच मिलिमीटर होते. लाकडाचा दोष असता तर चारही कोपरे सारखे उघडले असते: चैत्र-वैशाखात लाकूड आकसून आतून, ऐप्पसी या तमिळ महिन्याच्या पावसात फुगून बाहेरून. एकच कोपरा फाकला की समजावं, कोन चुकलाय.

आजोबांची पेटी अर्ध्या अंशानं चुकत होती तर!

दुकानातला काप गुण्याला चिकटून बसला. यंत्र घेतलं, सोबतचं चाळीस दातांचं पातं काढून ऐंशी दातांचं चढवलं. साग गुळगुळीत कापला गेला, फक्त भुशानं दोन दिवस शिंका आल्या.

पहिली चौकट जुळवली. कोन अचूक होते. पण समोरासमोरच्या पट्ट्या मी टेपनं मोजून वेगवेगळ्या कापल्या होत्या. अडसर लावून जोडीनं कापायला हव्या होत्या. एक पट्टी केसभर आखूड निघाली आणि एक कोपरा किंचित उघडा राहिला. भुसा आणि सरस कालवून फट भरली. चौकट भिंतीला लावताना मुलीनं विचारलं, वरची बाजू कुठली?

तो कोपरा मी खाली घेतला. डाव्या हाताला.