उमेदवारी

मराठीच्या प्राध्यापकाला एक खोड असते. जग एखाद्या नव्या गोष्टीचे कौतुक करीत असते, तेव्हा हा त्या गोष्टीचा जुना शब्द शोधीत बसतो. गेल्या वर्षी आमच्या घरात ‘इंटर्नशिप’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानी पडू लागला आणि मला आठवला तो ‘उमेदवारी’. आज उमेदवार म्हटले की जोडलेले हात, गळ्यातला हार आणि शेजारी निवडणुकीचे चिन्ह, एवढेच डोळ्यांपुढे येते. पण पूर्वी मुलगा उमेदवारी करतो म्हणजे तो एखाद्या पेढीवर, कचेरीत नाहीतर कारखान्यात नाममात्र पगारावर काम शिकतो, असा सरळ अर्थ होता. फारसीतून आलेल्या या शब्दाच्या पोटात ‘उमेद’ आहे. उमेदवार म्हणजे आशा धरून उभा असलेला. सरकारी मराठीने हा अर्थ अजून सोडलेला नाही. १९६१ च्या कायद्यातल्या अ‍ॅप्रेंटिसला ती ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणते, आणि १९७३ च्या दुरुस्तीने पदवी-पदविका घेतलेले इंजिनिअरही त्या कायद्यात आले.

आमच्या घरातली उमेदवार म्हणजे माझी भाची. सातारची मुलगी, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजने तिला एका सत्रासाठी भोसरीतल्या एका कारखान्यात धाडले आणि ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आली. सकाळी सातची पाळी. पायांत लोखंडी टोपीचे जड बूट घालून ती जिना उतरू लागली की खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड घड्याळ लावीत असे.

पहिल्या आठवड्यातच तिने आमच्या जेवणाच्या टेबलावर नवी भाषा आणली. “आज दोनशे जॉब गेले,” असे ती एका रात्री सहज म्हणाली. आमच्या सौभाग्यवतींच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. दोनशे माणसांच्या पोटावर पाय आला, असे समजून त्या हळहळू लागल्या. तेव्हा कळले की कारखान्यात जॉब म्हणजे नोकरी नव्हे. मशीनवर चढवलेला नग, तो जॉब. जॉब गेले म्हणजे माल गाडीत चढला. शब्दाचा हा अर्थविस्तार मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितला आणि बऱ्याच दिवसांनी माझी पोरे मनापासून हसली.

भाची मात्र हसत नव्हती. तिच्याकडे काम आले होते भोके तपासण्याचे. दिवसभर उभे राहायचे, समोर आलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबच्या भोकात गेज घालून पाहायचे आणि वहीत खूण करायची. “मामा, तिथं माझी कुणाला गरजच नाही,” असे ती तिसऱ्या आठवड्यात म्हणाली. साताऱ्याहून माझ्या बहिणीचा फोन आला, “दादा, एवढी फी भरून पोरीला भोकं मोजायला पाठवलंय का? तिच्या मैत्रिणी गार खोलीत संगणकापुढे बसतात आणि ही तेलाचे कपडे धुतेय.” महिना संपण्याच्या आत कॉलेजकडून जागा बदलून घेता येत होती. बहिणीने तसा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता.

हा पेच काही आमच्या घरापुरता नाही. शिकलेले आणि करायचे यांची गाठ कुठे मारावी, या प्रश्नाशी जग शंभराहून अधिक वर्षे झगडते आहे. इंग्लंडमधल्या संडरलंडच्या टेक्निकल कॉलेजने १९०३ साली विद्यार्थ्यांना काही काळ वर्गात आणि काही काळ कारखान्यात ठेवण्याची पद्धत सुरू केली. तिला पुढे ‘सँडविच कोर्स’ हे खमंग नाव पडले. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये २७ विद्यार्थी घेऊन असाच प्रयोग केला. आपल्याकडे पिलानीच्या संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ काढले. त्याही मागे जायचे, तर विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले. दर १५ सप्टेंबरला त्यांच्या तसबिरीला हार घालताना आपल्याला धरणे आठवतात; आरंभी त्यांच्याही हुद्द्यामागे ‘सहायक’ होते, हे आठवत नाही.

अर्ज पाठवायला चार दिवस उरले असताना ती गोष्ट घडली. ती समजण्यासाठी आधी गेज समजले पाहिजे. गेज म्हणजे दोन टोकांची पोलादी दांडी. एका टोकाचे नाव ‘गो’, दुसऱ्याचे ‘नो-गो’. भोक बरोबर असेल तर गो आत गेले पाहिजे आणि नो-गो तोंडाशी अडले पाहिजे. भाचीच्या जॉबचे भोक २५ मिलिमीटरचे. त्याहून लहान मुळीच चालायचे नाही. मोठे चालेल ते फार तर २१ मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांपैकी २१ भागांनी. आपल्या डोक्यावरचा साधा केसही बहुधा याहून जाड असतो.

त्या सकाळी नो-गो एकामागून एक भोकात सरळ शिरू लागले. चाळीस जॉब मोठे! भाचीने ट्रेवर लाल कार्ड लावले. लाल कार्ड म्हणजे मशीनवरच्या माणसाची सकाळ वाया गेल्याची पावती. तो माणूस तीस वर्षे मशीन चालवणारा मिस्त्री. तो आला. भांडला नाही. एक जॉब उचलून त्याने तळहातावर ठेवला आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवून दिला. “मॅडम, जरा चहा घेऊन या. मग परत बघा.”

हा वेळ काढतो आहे, असे वाटून ती रागातच चहाला गेली. काही वेळाने परत येऊन तिने गेज घातले. नो-गो तोंडाशीच अडले. चाळीसच्या चाळीस जॉब ठीक.

जॉब गरम पाण्याच्या धुलाईतून नुकतेच निघाले होते, एवढीच त्यातली किमया. धातू तापला की फुगतो आणि त्याबरोबर त्यातले भोकही वाढते. अ‍ॅल्युमिनियमचा जॉब ३० अंशांनी जास्त गरम असला, तर २५ मिलिमीटरचे भोक सुमारे १७ मायक्रॉनने मोठे होते. म्हणजे २१ ची सारी मुभा जवळजवळ संपलीच! म्हणून तर मोजमापाचे प्रमाण तापमान जगाने २० अंश सेल्सिअस ठरवून ठेवले आहे. हे गणित भाचीने कॉलेजात सोडवले होते, पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते. फक्त त्या गणितातला जॉब हाताला ऊन लागत नव्हता.

रात्री ती म्हणाली, “मामा, आईला सांगा, अर्ज पाठवू नकोस.”

चौथ्या महिन्यात गाडी दाराशी उभी आणि जॉब पुन्हा गरम, असा प्रसंग आला. या वेळी गो सगळ्यांत सुळकन जात होते. सुपरवायझर घाई करीत होता. भाची म्हणाली, “थंड होऊ द्या. आत्ता गो जातंय, ते उद्या अडेल.” “ट्रेनीनं गाडी थांबवायची का?” असा सवाल आला. तेव्हा मिस्त्री मशीन बंद करून पुढे झाले. “साहेब, पोरगी बरोबर बोलतेय.” जॉब निवले आणि तीन जॉबांत गो शिरेना. ते तीन बाजूला निघाले, बाकीचे गेले. शाबासकी कोणी दिली नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रींनी हाक मारली, “पोरी, डबा घेऊन इकडं ये.” मॅडमची पोरी झाली! संबोधनांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला कॉलेजच्या प्रशस्तिपत्रापेक्षा हा दाखला मोठा वाटला.

तुम्ही म्हणाल, असे मिस्त्री सर्वांना थोडेच भेटतात? खरे आहे. मुलांना कोपऱ्यात बसवून फायली लावून घेणारी ठिकाणे आहेत. शिकाऊ या नावाखाली पुऱ्या कामगाराचे काम काढून घेणारीही आहेत. उमेद ही पगाराऐवजी द्यायची वस्तू नव्हे. म्हणून आईबापांना माझे एवढेच सांगणे, की मुलाला कुठे जागा मिळाली म्हणजे कंपनीचे नाव केवढे, इमारत केवढी, हे जरूर विचारा. पण एक प्रश्न आणखी विचारा : तिथे याला हाताशी घेणारा माणूस कोण? आणि मुलालाही सांगा, की त्या माणसाच्या नावामागे पदवी असेलच असे नाही.

भाची आता चाकणला नोकरीत आहे. मागच्या महिन्यात तिच्या हाताखाली एक नवा मुलगा आला. पहिल्या दिवशी त्याला काय शिकवलेस, असे मी विचारले.

“काही नाही,” ती म्हणाली. “गेज दिलंच नाही. आधी नुसता जॉब हातात धरायला लावला.”