'नको' म्हणण्याची रीत

पानावरचा 'नको' आपण ज्या अर्थाने उच्चारतो, तो कोणत्याही कोशकाराला सांगता येईल असे मला वाटत नाही. पंगतीत 'नको' म्हणणे म्हणजे वाढप्याला आणखी दोनदा आग्रह करण्याची मुभा देणे होय. पानावर दोन्ही हात आडवे धरावेत आणि तरीही बोटांच्या फटीतून जिलबी पडावी, यातच यजमानाची अब्रू आणि पाहुण्याचा मान!

ब्राझीलमध्ये ही भाषा चालत नाही. भाईंदरच्या जेसल पार्कातून मी साओ पावलोस मुलाकडे गेलो, तेव्हा त्याने मला तेथील एका शुर्रास्कारियात, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या भोजनगृहात, मोठ्या हौसेने नेले. दक्षिणेतील रिओ ग्रांदे दो सूल प्रांतातल्या गाऊचो गुराख्यांची ही पाककला. वाढपी मांसाच्या लांब सळ्या घेऊन टेबलाटेबलांवरून फिरत असतात व सुरीने पातळ काप पाडून वाढतात. प्रत्येकापुढे एक चकती. हिरवी बाजू वर असली तर वाढावे, लाल असली तर वाढू नये. ती फेरी पाहून मला आमच्या गावची पंगतच आठवली.

मी शाकाहारी, तथापि उपाशी राहिलो नाही. दालचिनी लावून भाजलेले अननस होते, आणि 'फारोफा' नावाचे एक भाजके पीठ होते. ज्या कंदाचे ते पीठ, त्याचाच आपला साबुदाणा. आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आमच्या चौपाटीसमोरच्या खाडीपलीकडे, वसईस, 1739 पर्यंत ज्यांचा अंमल होता, त्या पोर्तुगीजांचाच एक काफिला 1500 साली हिंदुस्थानास येताना ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला होता. एकादशीचे माझे परम सोवळे अन्न तेथे गोमांसाचे तोंडीलावणे आहे, हे पाहून मला हसू आले.

इतक्यात एक निराळी सळी आली. हे काय, असे विचारता मुलगा किंचित थांबून म्हणाला, "वशिंड." युरोपातल्या गुरांना वशिंड नसते. ब्राझीलमधील मांसाची बहुतेक गुरे 'नेलोर' जातीची. आंध्रातल्या नेल्लोरचे नाव मिरविणारी, आपल्याच ओंगोल बैलांची संतती. पोळ्याच्या आदल्या दिवशी वडिलांच्या बैलांच्या खांद्यांना हळद नि लोणी मी चोळलेले आहे. मी चकती उलटी केली.

त्यानंतर कोणीही फिरकले नाही. अननसवालासुद्धा लाल रंग पाहून अदबीने पुढे गेला! असला निरपवाद आदर मला नवीन होता. खरे सांगायचे तर, तो मला फारसा आवडला नाही.

कॉफी घेताना मुलगा म्हणाला, "बाबा, आता इकडेच राहा ना तुम्ही."

"नको रे," मी म्हटले.

त्याला त्या देशात अकरा वर्षे झाली आहेत. तो "बरं" म्हणाला, आणि त्याने बिल मागविले.