कॅन्ससचा समुद्र

अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांचा मध्यबिंदू काढला, तर तो आमच्या कॅन्ससमध्ये, लेबनन नावाच्या छोट्याशा गावाजवळ येतो. समुद्रापासून लांब राहायचंच ठरवलं, तर याहून सोयीचं राज्य शोधून सापडायचं नाही. कॅन्सस सिटीहून गल्फचा किनारा गाठायला गाडीने बारा तास तरी हवेतच. आणि तरीही दर वर्षी जून उजाडला, की इथल्या डे-केअरच्या भिंतींवर निळा कागद चढतो. ‘ओशन वीक’ आलेला असतो! कागदी बशांचे जेलीफिश छताला लोंबकळू लागतात, पंजांच्या ठशांचे खेकडे दारावर चढतात आणि अंड्यांच्या खोक्याची कासवं खिडकीत रांगेने बसतात.

मी गेली चौदा वर्षं अशाच एका डे-केअरमध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना सांभाळते. माझं माहेर हर्णैचं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव, हे बघत मी मोठी झाले. त्यामुळे समुद्राचा आठवडा आला, की सगळ्या माझ्याकडे बघतात. “तू तर तिकडचीच!”

गंमत अशी, की इथे ज्या दिवसांत समुद्र भिंतीवर चढतो, त्याच दिवसांत आमच्याकडे तो बंद असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी थांबते. दर्या खवळलेला असतो आणि माशांचा अंडी घालण्याचा काळ असतो. होड्या किनाऱ्यावर ओढून, झाकून ठेवलेल्या असतात आणि पाजपंढरीतली माणसं जाळी पसरून बसलेली असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मग नवा हंगाम. आमच्या शाळेत वडील मास्तर, आम्ही काही मासेमारी करणारे नव्हे; पण पावसाळा म्हटला की ती जाळी आणि ते न थकणारे हातच मला आधी आठवतात.

आता थोडं कामाचं बोलते, कारण आपल्या मंडळातल्या कितीतरी जणींची पिल्लं आणि काहींची नातवंडं या वयाची आहेत. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि एक वाटी पाणी एवढ्यात उत्तम कणकेचा गोळा होतो. त्यात शिंपला दाबला की रेघ न् रेघ उमटते. जलरंग ओला असताना वर मीठ भुरभुरलं, तर मीठ पाणी ओढून घेतं आणि लाटांच्या फेसासारखी नक्षी उठते. कॉफीच्या गाळणकागदावर धुता येणाऱ्या स्केचपेनने रंगवून पाण्याचा फवारा मारा; रंग पसरत जातात, मुलं श्वास रोखून बघतात. बाटलीत निम्मं निळं पाणी आणि निम्मं खाण्याचं तेल भरून झाकण पक्कं चिकटवलं, की टेबलावर लाट तयार.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. मग तो शिंपला कितीही सुंदर असो. आणि पाण्यात फुगणारे ते रंगीत मणी घरातच आणू नका. ते गिळले तर आतड्यात फुगून बसतात आणि साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसतही नाहीत.

हे झालं साहित्य. खरा प्रश्न वेगळाच असतो. वर्गात बाईंनी केलेला नमुना समोर ठेवायचा आणि वीस मुलांनी वीस सारखे ऑक्टोपस करायचे, की नुसतं साहित्य मांडून बाजूला व्हायचं? पहिल्या पद्धतीत भिंत देखणी दिसते आणि आईबापांना घरी न्यायला काहीतरी मिळतं. दुसऱ्या पद्धतीत पुष्कळदा नुसता निळा चिखल होतो. मी चिखलाच्या बाजूची. आमच्या डायरेक्टर बाई भिंतीच्या बाजूच्या, आणि त्यांचंही चूक नाही. फी भरणाऱ्यांना उत्तरं त्यांनाच द्यावी लागतात.

गेल्या उन्हाळ्यात वर्गात चार वर्षांचा एक मुलगा आला. त्याला ओलं काही सहन होत नसे. बोटाला डिंक लागला तर तो किंचाळायचा, रंगाच्या ताटल्या निघाल्या की टेबलाखाली जाऊन बसायचा. ओशन वीकच्या तिसऱ्या दिवशी त्याचे वडील त्याला न्यायला आले. भिंतीवर प्रत्येक नावाखाली पंजाचा खेकडा होता, याच्या नावाखाली नुसता निळा कागद. ते बराच वेळ बघत राहिले आणि हळूच मला म्हणाले, “त्याला जमत नाही का?”

अशा वेळी एक सोपा उपाय असतो. मुलाचा हात धरायचा, रंगात बुडवायचा, कागदावर दाबायचा. दहा सेकंदांत खेकडा तयार. पण तो खेकडा मुलाचा नसतो, आपला असतो. आणि त्या दहा सेकंदांत मूल एवढंच शिकतं, की मोठी माणसं आपला हात विचारल्याशिवाय घेतात. ते मला करायचं नव्हतं. मग मनात आलं, समुद्राचं असं कोणतं काम आहे, जे कोरड्या हातांनी होतं?

उत्तर हर्णैच्या पावसाळ्यात होतंच की. दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्याच्या चौकटी नेल्या, कडांना खाचा पाडून त्यात सुती दोरा ताणला आणि लोकरीचे तुकडे ठेवले. गोल करून बसल्यावर मुलांना सांगितलं, की मी जिथून आले तिथे या दिवसांत होड्या झोपतात, माणसं जाळी नीट करतात, कारण पाण्यात माशांच्या आया अंडी घालताहेत. मग भिंतीकडे बघताना माझ्याही लक्षात आलं, की आमच्या एवढ्या मोठ्या निळ्या समुद्रात देवमासा होता, जलपरीसुद्धा होती, पण माणूस एकही नव्हता!

तो टेबलाखालून आला. एक दोरा वरून, एक खालून. गाठी नव्हत्या, वीण वेडीवाकडी होती. पण तो तीन दिवस बसला. शुक्रवारी आम्ही ते जाळं भिंतीवर त्याच्या नावाखाली लावलं आणि बाकीच्या मुलांनी त्यात आपापले कागदी मासे अडकवले. तो जवळ जाऊन एकेक मासा निरखत होता. त्यातला एक नखाएवढा मासा त्याने काढला, खालच्या निळ्या कागदावर ठेवला आणि म्हणाला, “टू स्मॉल.”

त्या संध्याकाळी वडिलांना मी फक्त एवढंच दाखवलं. त्यांनी फोटो काढला नाही. मुलाला उचललं आणि जाळ्यापाशी घेऊन गेले. चमत्कार वगैरे काही झाला नाही. ऑगस्ट संपेपर्यंत त्या मुलाने रंगाला बोट लावलं नाही. पण पुठ्ठ्याची चौकट कुठे ठेवलीय हे त्याला रोज माहीत असे.

तेव्हापासून मी मुलांना आणखी एक गोष्ट दाखवते. कॅन्ससला समुद्र नाही, हे अर्धसत्य आहे. पश्चिमेला हेज गावातल्या स्टर्नबर्ग संग्रहालयात सुमारे १४ फुटी माशाचा जीवाश्म आहे आणि त्याच्या पोटात अख्खा ६ फुटी मासा. आठेक कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. आमच्या कॅन्सस सिटीखालचा चुनखडक तर त्याहून जुना, सुमारे ३० कोटी वर्षांचा, तोही समुद्रातच साचलेला. ओढ्याकाठच्या खडीत मुलांना मण्यांसारख्या चकत्या सापडतात, कधी मधे भोक असलेल्या. त्या क्रिनॉइड नावाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या देठाच्या असतात. आम्ही त्या मिठाच्या कणकेत दाबून ठसे घेतो. चकत्या परत माझ्या डबीत, कारण त्या नळीतून आरपार जातात!

तर या दिवाळीत मुलांबरोबर किल्ला कराल, तेव्हा एकदा जलदुर्ग करून बघा. सिंधुदुर्ग करा, जंजिरा करा, नाहीतर आमचा सुवर्णदुर्ग करा. भोवती निळं पाणी येईलच. मावळे तर आपण मांडतोच; पण काठावर एक होडी ठेवा आणि होडीजवळ जाळं घेऊन बसलेला एक माणूस. जाळं मात्र मुलांनाच विणू द्या. वेडंवाकडं झालं तरी चालेल, लहान मासे त्यातूनच सुटतात.