खर्जातला वादक

लग्नमंडपात वाद्यवृंद रंगला की गायकाचे नाव विचारले जाते. खर्ज सांभाळणाऱ्या बास गिटारवाल्याचे नाव परभणीत कोणी विचारत नाही. मुंबईतही विचारीत नसत. हिंदी चित्रपटसंगीतात गिटार, बास व नवनवी विजेची वाद्ये वाजविणारे चरणजित सिंग अशांपैकीच एक. १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रे जुळवून त्यांनी यमन, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्यांतील टीबी-३०३ हे यंत्र मुळात बास वादकाची उणीव भरून काढण्यासाठी निघाले होते, आणि बास जाणणाऱ्या हातांनीच त्यातून मींड काढली, ही मोठी मौज! ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. सिंग लग्नसमारंभांत वाजवीत राहिले. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून ‘ॲसिड हाऊस’ची धून घडविली. २०१० मध्ये सिंग यांची ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे त्या संगीताशी असलेले साम्य ऐकून काही पाश्चात्त्य जाणकारांना ती बनावटच वाटली. सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांनी मग युरोपातील रंगमंचावर तेच राग स्वतः वाजवून दाखविले. २०१५ मध्ये ते निवर्तले.