दुर्बीणवाल्या माणसाची गोष्ट

गळ्यात दुर्बीण अडकवून सकाळी सकाळी पक्षी बघायला निघालेल्या माणसाची कधी कुणाला भीती वाटेल का? तुम्ही म्हणाल, "छे! त्यात भ्यायचं काय?" पण ऐका तर खरं.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात सेंट्रल पार्क नावाची भलीमोठी बाग आहे. तिच्यातल्या एका दाट झाडीच्या भागाला 'रॅम्बल' म्हणतात. वसंतात दूरदूरचे पक्षी तिथे उतरतात. तिथे कुत्र्याला साखळी लावूनच फिरवायचं, असा नियम आहे.

ख्रिश्चन कूपर हे पक्के पक्षिवेडे. २५ मे २०२० च्या सकाळी त्यांना तिथे एका बाईंचा मोकळा कुत्रा दिसला. "त्याला साखळी लावा," असं त्यांनी सांगितलं. बाई ऐकेनात. कूपर फोनवर चित्रण करू लागले. तेव्हा बाई म्हणाल्या, "एक कृष्णवर्णीय माणूस माझ्या जिवावर उठलाय, असं मी पोलिसांना सांगते." आणि खरोखरच त्यांनी तसा फोन केला!

आता बघा हं, 'एक माणूस' नाही, 'एक कृष्णवर्णीय माणूस'. हा शब्द का बरं आला असेल?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९८९ साली याच बागेत एका बाईंवर भयंकर हल्ला झाला होता. पोलिसांनी पाच मुलं पकडली. वय अवघं १४ ते १६! चौघं कृष्णवर्णीय, एक लॅटिन अमेरिकी वंशाचा. तासन्‌तास चौकशी करून त्यांच्याकडून कबुली घेतली गेली. शिक्षा झाली. उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. २००२ साली खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, डीएनए तपासणीही जुळली, आणि पाचही जण निर्दोष ठरले. २०२२ साली बागेच्या उत्तरेकडच्या एका प्रवेशद्वाराला 'निर्दोषांचं द्वार' असं नाव मिळालं. त्या पाचांपैकी युसेफ सलाम २०२३ साली शहराच्या कौन्सिलवर निवडून आले. पण गेलेली वर्षं कुठून परत येणार?

म्हणून तसा एक खोटा फोन म्हणजे थट्टा नव्हे. कूपर यांच्याकडे चित्रफीत होती, म्हणून खरं काय ते जगाला दिसलं. नसती तर?

जून २०२० मध्येच न्यूयॉर्क राज्याने कायदा केला, की वंशावरून असा खोटा फोन करणाऱ्याला जाब द्यावा लागेल. त्या बाईंवर खटलाही भरला गेला. पण कूपर सरकारी वकिलांना मदत करायला तयार झाले नाहीत. बाईंची नोकरी गेली होती, नाचक्की झाली होती. तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं! बाईंनी वंशभेदाविषयीचे धडे पूर्ण केल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये खटला रद्द झाला. कूपर मात्र पुन्हा पक्ष्यांमागे. २०२३ साली त्यांनी आपल्या पक्षिवेडावर पुस्तकही लिहिलं.

मुलांनो, वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली, की सगळ्यांच्या नजरा आधी कुणाकडे वळतात? ज्याचे कपडे जुने, ज्याची बोली वेगळी, त्याच्याकडेच ना? आणि पालकहो, घरातली अंगठी सापडेना, की पहिला संशय कुणावर जातो?

बोट उचलण्याआधी स्वतःला एकच विचारू या: मी डोळ्यांनी काय पाहिलं, आणि काय नुसतंच मनाने धरलं?