गुरुवारची गोष्ट

मागच्या दिवाळीच्या सुट्टीवरून परत आलो त्या रात्री मी डॉर्ममध्ये देवमाशाच्या कालवणाचा हिशोब सांगितला होता. तो अजून बऱ्याच जणांना पाठ आहे. मेसमध्ये भाजी कमी पडली की कुणीतरी मागून म्हणतोच, "आता देवमासाच मागवा." त्या हिशोबाचा कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. वीजबिलाच्या पाठीमागे पेन्सिलनं लिहिलेला. पण त्या रात्री मी गोष्ट पूर्ण सांगितली नव्हती, म्हणून हा लेख.

आमचं घर भिलाईला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. आजोबा कोकणातून फिटर म्हणून इथे आले, बाबा प्लेट मिलमध्ये आहेत. भिलाईहून समुद्र कुठल्याही बाजूला बघा, लांबच. तरी आमच्या घरात समुद्राचा विषय रोज निघतो, कारण आजी. तिचं माहेर गणपतीपुळ्याजवळ. इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण रोहू-कटला तिनं कधी मनापासून मासा मानला नाही. "चिखलाची चव," असं म्हणते आणि खाते. कपाटात तिचा तिरफळांचा डबा असतो. माहेराहून कुणी आलं की तो भरतो. त्याला आम्ही हात लावायचा नाही.

13 नोव्हेंबर 2023, सोमवार. लक्ष्मीपूजन होऊन गेलं होतं, पाडवा दुसऱ्या दिवशी. फराळाला शेजारीपाजारी आले होते. आमच्या बिल्डिंगमध्ये वर बंगाली कुटुंब, समोर तेलुगू, खाली छत्तीसगढी. भिलाईत असंच असतं. तेवढ्यात आजीच्या भावाचा, म्हणजे बाबांच्या मामांचा व्हिडिओ आला. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणतो. गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं होतं. लांबी वीस फुटांच्या पुढे, वजन कुणी चार टन म्हणत होतं, कुणी पाच. भोवती माणसं मुंग्यांसारखी. खालच्या काकी फोन हातात घेऊन म्हणाल्या, "अतेक बड़े मछरी!"

काकींच्या त्या एका वाक्यावरून सगळं सुरू झालं. बंगाली काकांनी डोकं आपल्यासाठी राखून ठेवलं, मुडो दुसऱ्या कुणाला मिळणार नाही म्हणाले. समोरच्या आंटींनी चिंच घालून पुलुसू करायचं ठरवलं. आजी म्हणाली, चिंच नाही, आमसुलं, आणि तिरफळं. मग प्रश्न आला भांड्याचा.

भांड्याच्या बाबतीत भिलाईला कुणी हसू नये. बाबा म्हणाले, तवा मी देतो, तीन मीटरपेक्षा रुंद प्लेट आमच्याकडे रोज निघते, कडा वळवल्या की झाली कढई. झारा म्हणून रूळ घ्यावा. भिलाईचा एकसंध रूळ 130 मीटर लांब असतो, इतका लांब रूळ जगात दुसरीकडे निघत नाही. म्हणजे सेक्टरच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाचा मासा परतता येईल. उलटायला ईओटी क्रेन. चूल? आठ नंबरची भट्टी आहेच, महामाया. दिवसाला सुमारे आठ हजार टन लोखंड वितळवते. पण बाबांनी तिथे मान हलवली. "1500 अंशांना मासा शिजत नाही रे, नाहीसा होतो. मंद आचेवर हवा."

मी वीजबिल उलटं केलं आणि हिशोब मांडला. चार टनांतून हाडं, चरबी वगैरे अर्धं वजा. उरले 2000 किलो. आपल्या मेसमध्ये 600 कॅडेट धरले, प्रत्येकी 150 ग्रॅम, म्हणजे एका जेवणाला 90 किलो. भागाकार केला तर 22 जेवणं. दोन्ही वेळा वाढलं तर 11 दिवस, रविवारसुद्धा. आजीच्या मापानं किलोला पाच तिरफळं, म्हणजे दहा हजार. किलोला अर्धा नारळ, म्हणजे एक हजार नारळ. एक नारळ खवायला पाच मिनिटं, तर विळीवर बसलेलं माणूस 83 तास उठणार नाही. "मग मी नाही बसणार," आई म्हणाली. सगळे इतके हसले की बंगाली काकांच्या हातातली चकली खाली पडली.

बाबांनी मध्येच आठवण करून दिली की देवमासा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येतो, वाघाच्या बरोबरीनं. शिकार केली तर तीन ते सात वर्षं आत. आजी म्हणाली, "मग तिकडेच वाढा सगळ्यांना." मी जपानची गोष्ट सांगितली, की महायुद्धानंतर तिकडे मांसाची टंचाई होती तेव्हा शाळेच्या जेवणात मुलांना देवमासा वाढत. ती मात्र खरी आहे, थट्टा नाही.

संध्याकाळी मी मामाआजोबांना फोन लावला. म्हटलं, "मामाआजोबा, आमच्यासाठी एक तुकडा ठेवा. आझाद हिंदनं पाठवा, दुर्गला उतरवून घेतो."

ते हसले. "तुकडा कसला, शेपटी पाठवतो. गाडीला एक डबा जास्त जोडायला सांग." मग म्हणाले, "ठेव आता, भरती येतेय." मागे माणसांचा ओरडा ऐकू येत होता. तिथेही कुणीतरी काहीतरी बोललं आणि बरेच जण हसले. म्हणजे कालवणाच्या गप्पा फक्त आमच्याकडेच चालल्या नव्हत्या.

मंगळवारी पाडवा. दिवसभर घरात येणंजाणं. वन खातं, पोलीस, तटरक्षक दल, गावकरी, सगळे किनाऱ्यावर होते. जयगडच्या बंदरातून टग मागवली होती. पिल्लावर ओली कापडं टाकायची, पाणी मारत राहायचं, भरतीची वाट बघायची. मला आधी वाटलं होतं, मासा पाण्याबाहेर आहे म्हणून पाणी मारतात. तसं नाही. देवमासा मासाच नाही, तो आपल्यासारखा हवा घेतो. त्याची अडचण वेगळी. पाण्यात त्याचं वजन पाणी उचलतं. वाळूवर तेच वजन त्याच्या स्वतःच्या फुप्फुसांवर येतं, आणि थंडीपासून वाचवणारी चरबी उन्हात त्याला आतून तापवते. पडून राहणं हीच त्याला शिक्षा. 2015 साली जून महिन्यात रेवदंड्याला 42 फुटी देवमासा असाच जिवंत लागला होता. तो वाचला नाही.

रात्री मामाआजोबांनी स्वतः फोन केला. आवाज बसला होता. आजी झोपायला गेली होती म्हणून मी घेतला. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "ऐक," आणि त्यांनी फोन पुढे धरला.

आधी नुसता वारा आणि लाटा. मग फुस्स् असा मोठा आवाज आला, कुकरची शिट्टी अर्धवट निघावी तसा. माझ्या तोंडावर आलंच होतं, "किती शिट्ट्या झाल्या?" मी ते म्हटलं नाही. का ते माहीत नाही, कारण सोमवारी मी नक्की म्हटलं असतं. थोडा वेळ काही नाही, मग परत फुस्स्. "श्वास आहे तो," मामाआजोबा म्हणाले. "मघापासून मोजतोय. मधे फार वेळ जातो."

आजी उठून बाहेर आली होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "पिल्लू पिल्लू म्हणतात, म्हणजे केवढं पोर?"

मी मोबाईलवर वाचलेलं सांगितलं. वर्तमानपत्रं त्याला निळ्या देवमाशाचं, ब्लू व्हेलचं पिल्लू म्हणत होती. ते जन्मतःच सात मीटर असतं, वजन अडीच-तीन टन. सहा-सात महिने आईच्या दुधावर वाढतं, दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास पितं. रोज नव्वद किलोनं वजन वाढतं.

"म्हणजे हे अजून अंगावर पितंय," आजी म्हणाली.

"हो."

"मग याची आई कुठाय?"

बाबा टीव्ही बघत होते, त्यांनी आवाज कमी केला. मला त्या क्षणी आपला आकडा आठवला. नव्वद किलो. मी लिहिलं होतं तेवढंच, एका जेवणाचं.

आजी काही रागावली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, आणि परत येऊन खुर्चीत बसली. आमच्या आजीनं आयुष्यभर मासे कापलेत, ती हळवी वगैरे नाही. गाभोळीचे मासे मिळाले तर दोन रुपये जास्त देते. पण त्या रात्रीपासून तिनं कालवणाचं नाव काढलं नाही, आणि समोरच्या आंटींनी दुसऱ्या दिवशी परत विषय काढला तर "हो हो" करून बाजूला सारला.

बुधवारी भाऊबीज. सकाळी बातमी आली की पिल्लाला ओढून खोल पाण्यात सोडलं. सुमारे चाळीस तास चालली होती धडपड. आमच्याकडे तर दिवाळी परत झाली. बंगाली काका जिन्यातूनच ओरडले, "मुडो गेला!" बाबा विक्रांतचा फोटो दाखवायला लागले, आपलं पोलाद तिकडे आहे म्हणाले. विक्रांतला लागलेलं खास पोलाद सेलच्या भिलाई, बोकारो आणि राऊरकेला इथल्या कारखान्यांतून गेलंय, हे आमच्या घरी कुठल्याही निमित्तानं निघतं. आजी म्हणाली, "तुझ्या लोखंडाचं काय, माझ्या भावानं ढकललाय." ताईनं ओवाळलं तेव्हा मी तिला ओवाळणीत देवमाशाचा एक तुकडा कबूल केला. आता तो जिवंत होता, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती.

डॉर्ममध्ये मी इथपर्यंतच सांगितलं होतं. पहिली रात्र होती, धाकट्यांपैकी दोघंतिघं घरच्या आठवणीनं गप्प बसले होते, म्हणून तो कागद काढला. नारळापर्यंत येता येता सगळे हसत होते. दिवे जायच्या आधी सहावीतल्या एकानं पांघरुणातून विचारलं, "दादा, मग शेवटी त्याचं काय झालं?" मी म्हटलं, "समुद्रात सोडला. गेला." तो "बरं" म्हणाला आणि झोपला. खोटं काहीच नव्हतं त्यात, बुधवार खरा होता. पण ट्रंकेवर पडून मी बराच वेळ जागा होतो. आता तो सातवीत आहे आणि हे पान वाचणार आहे.

गुरुवारी मी सामान भरत होतो. आजी फराळाचे डबे कापडात बांधून देत होती. फोन वाजला, तिनं स्पीकरवर घेतला.

"आक्का," मामाआजोबा म्हणाले, "आला परत."

आजीला वाटलं तेच किनाऱ्यावरून घरी आलेत. "कोण, तू?"

"नाही गं. तो."

आजीनं हातातली गाठ अर्धी सोडली. मामाआजोबांनी जास्त काही सांगितलं नाही. पुन्हा किनाऱ्याला लागला, मेलेला. इतकंच. नंतर मी आपल्या जीवशास्त्राच्या सरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की आई सापडली नसती तर समुद्रात तरी त्याला दूध कोण देणार होतं. ते तेव्हा आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं, किनाऱ्यावरच्यांना सुचलं असेल तरी त्यांनी ढकलणं थांबवलं नाही.

फोनवर दोघं बराच वेळ बोललेच नाहीत. मग आजीनं विचारलं, "जेवलास का?"

"नाही."

"काय केलंय घरात?"

ते थांबले. मग म्हणाले, "बांगड्याचं तिखलं."

"तिरफळं घातलीत?"

"घातलीत."

"मग जेव," आजी म्हणाली, आणि डब्याची गाठ पुन्हा मारायला लागली.