परसातल्या हौदाचा जमाखर्च

बीडचे कंकालेश्वर मंदिर कुंडाच्या पाण्यात उभे आहे. अवर्षणाच्या या जिल्ह्यात भरल्या पाण्याचे अप्रूप मोठे; म्हणूनच कुणी परसातल्या हौदात मासे सोडतो. मग पाणी गाळून पिणाऱ्या त्या घरातले सारेच जीवदयेपोटी येता-जाता कणकेच्या गोळ्या टाकतात. माशांना बहुधा ही मायाच बाधते. उरलेले अन्न तळाशी कुजते, अमोनिया सुटतो आणि प्राणवायू खर्ची पडतो.

या प्राणवायूची खतावणी चोख असते. दिवसा उन्हात शेवाळ तो जमा करते. रात्री मासे आणि शेवाळ दोघेही उचल करतात. शिल्लक सर्वांत कमी पहाटे! वैशाखात तापलेले पाणी मुळातच तो कमी धरते. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले की ते भुकेले समजून पुन्हा दाणा टाकणे म्हणजे बुडीत खात्याला नवे कर्ज देणे. तेव्हा खाणे थांबवावे आणि हौदातलेच पाणी बादलीने उपसून उंचावरून पुन्हा सोडत राहावे.

एरवी पाच मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्यावे. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी आधी दिवसभर उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडतो. काढलेले पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात घालावे.